अंगणातील उतारावर दगडी भिंत घालण्याआधी

आपला प्रश्न मला जसा समजला तसा आधी थोडक्यात मांडतो. घरामागची जागा उताराची आहे आणि पावसात तिथली माती वाहून खाली येते. तिथे सुमारे ४ फूट उंच आणि ३० फूट लांब अशी नैसर्गिक दगडाची भिंत घालून वर बागेसाठी सपाट जागा करायची, आणि भिंतीतूनच वर जाण्यासाठी पायऱ्या काढायच्या, असा आपला बेत आहे. काम शक्यतो स्वतःच्या हातांनी करायचे आहे. त्यासाठी आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: दगड कोणता घ्यावा, सिमेंट वापरावे की नाही आणि पाया किती खोल असावा.

तिन्हींची उत्तरे पुढे देतो. परंतु आपण न विचारलेला एक प्रश्न या तिघांच्याही आधीचा आहे, तो म्हणजे भिंतीमागे येणारे पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाणार. गेली वीसेक वर्षे मी दगडाची कामे करतो आहे आणि या काळात पडलेल्या किंवा पोट काढलेल्या बऱ्याच भिंती उकलून पाहिल्या आहेत. दगड कच्चा निघाला म्हणून पडलेली भिंत त्यांत क्वचितच सापडली. बहुतेक ठिकाणी मागे पाणी साचलेले होते.

याचा हिशेब साधा आहे. १ मीटर उंचीच्या भिंतीमागे कोरडी, रेताड माती असेल तर ती भिंतीला लांबीच्या दर मीटरमागे साधारण ३०० किलो वजनाइतक्या जोराने पुढे रेटते. त्याच भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी साचले तर एकट्या पाण्याचा रेटा सुमारे ५०० किलोंचा होतो, आणि भिजलेल्या मातीचा रेटा त्याखेरीज असतो. दुसरी बाब उंचीची. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो आणि भिंत पायथ्याशी उलथवून टाकण्याची त्याची ताकद आठपट होते. २ फुटांच्या भिंतीत खपून जाणारी चूक ४ फुटांच्या भिंतीत खपत नाही, ती याच कारणाने.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की ४ फुटांची एक भिंत घालण्याऐवजी २ फुटांच्या दोन भिंती घालाव्यात आणि त्यांच्यामध्ये किमान ४ फुटांचा सपाट टप्पा ठेवावा. हे अंतर खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी हवे; ते कमी पडले तर वरच्या भिंतीचा भार खालचीच्या पाठीवर येतो आणि दोन भिंती घालण्याचा हेतूच निकालात निघतो. यात दगड जास्त लागेल असे वाटते, पण प्रत्यक्षात उलट होते. ४ फुटांची भिंत जमिनीखालच्या १ फुटासह ५ फुटांची धरा. तिचा तळ अडीच फूट आणि माथा दीड फूट रुंद लागेल, म्हणजे ३० फूट लांबीला ३०० घनफूट बांधकाम झाले. २ फुटांची भिंत जमिनीखालच्या अर्ध्या फुटासह अडीच फुटांची होते. तिला तळाशी दीड फूट आणि माथ्यावर १ फूट रुंदी पुरते, म्हणजे एका भिंतीला सुमारे ९४ आणि दोन्हींना मिळून १८८ घनफूट. शिवाय मधल्या टप्प्यावर झाडे लावता येतात, आणि काम करताना दगड छातीपर्यंत उचलावा लागत नाही. दिवसाच्या अखेरीस कंबरेला हा फरक चांगला कळतो.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. भिंतीमागे तिच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत घर, रस्ता, वाहन उभे करण्याची जागा किंवा पाण्याची टाकी असेल, तर हे काम घरच्या घरी करण्याचे राहत नाही. तिथे स्थापत्य अभियंत्याकडून आराखडा करून घ्यावा. मूळ उतारच सरकत असेल, म्हणजे झाडांचे बुंधे तिरपे झालेले असतील किंवा जमिनीला उताराला आडव्या भेगा दिसत असतील, तरीही हेच लागू होते. किती उंचीपर्यंत परवानगी लागत नाही याचे नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत, ते आधी पाहून घ्यावेत. खणण्यापूर्वी त्या पट्ट्यातून जाणारी पाण्याची, विजेची आणि सांडपाण्याची वाट शोधून जमिनीवर खुणा कराव्यात.

मातीचा प्रकार मात्र आपल्याला स्वतःला तपासता येतो. भिंतीच्या जागी १ फूट खोल खड्डा घ्या, तो पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी तासा-दोन तासांत जिरले तर माती निचऱ्याची आहे. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसले तर चिकणमाती आहे आणि निचऱ्यासाठी नळी टाकावीच लागेल. चिकणमातीत आणखी एक फसगत होते. पायासाठी चर खणून त्यात खडी भरली की पाया उत्तम झाला असे वाटते; पण चराच्या दोन्ही बाजू आणि तळ पाणी सोडत नसल्याने तो चर म्हणजे एक लांबट टाकेच होते, आणि भिंत त्या टाक्यातल्या पाण्यावर उभी राहते. अशा मातीत चराचा तळ एका टोकाकडे उतरता ठेवून तिथून पाण्याला मोकळी वाट काढून देणे अगत्याचे आहे.

सिमेंटविषयी माझे मत आता सांगतो, आणि त्यामागचा अनुभवही. या व्यवसायात नवीन असताना मी एका घरामागे जवळपास ५ फूट उंच, सिमेंटमध्ये बांधलेली दगडी भिंत उभी केली होती. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सफाईने भरल्या होत्या आणि दर्शनी बाजू अगदी देखणी झाली होती. पाणी बाहेर पडण्यासाठी भिंतीत भोके ठेवायला हवीत हे मला माहीत होते; पण त्यांतून गळणाऱ्या पाण्याचे ओघळ दर्शनी बाजूवर दिसतील म्हणून मालकांनी नको म्हटले आणि मी ते ऐकले. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या खालच्या तिसऱ्या भागात पोट आले. दोरी लावून पाहिले तेव्हा ते ३ इंच पुढे होते आणि दर्जांमधून जिन्यासारखी चढत गेलेली एक भेग होती. उकलण्यासाठी तळाजवळचा एक दगड पहारेने सैल केला, तर त्या फटीतून गढूळ पाण्याची चिळकांडी माझ्या गुडघ्यावर आली आणि बराच वेळ थांबलीच नाही. आतला भराव लापशीसारखा झाला होता. ती भिंत मी स्वखर्चाने पुन्हा बांधून दिली.

त्यानंतर एवढ्या उंचीच्या बागेतल्या भिंतीसाठी मी सिमेंटशिवाय रचलेली भिंत, म्हणजे गडगाच, सुचवत आलो आहे. गडग्यात प्रत्येक सांधा ही पाण्याची वाट असते, त्यामुळे मागे पाणी तुंबण्याची शक्यता मुळातच कमी होते. जमीन थोडी खचली, फुगली किंवा कडक थंडीत गोठली, तरी दगड एकमेकांवर किंचित सरकून पुन्हा बसतात. सिमेंटची भिंत अशा वेळी तडकते. एखादा भाग बिघडलाच तर तेवढाच उकलून त्याच दगडांनी पुन्हा रचता येतो. ही काही गरिबाची तडजोड नव्हे. कोरड्या दगडी रचनेची कला आणि ज्ञान युनेस्कोने २०१८ साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले आहे.

तथापि सिमेंटला जागाच नाही असे नाही. हाताशी फक्त नदीतले गोल गोटे असतील तर त्यांचा गडगा टिकत नाही, कारण गोट्याला गोटा टेकतो तो एका बिंदूवर. माथ्यावर लोक रोज बसणार असतील किंवा भिंतीला लोखंडी कठडा जोडायचा असेल, तेव्हाही सिमेंटमध्ये बांधलेले बरे. मात्र मग खाली काँक्रीटचा पाया, भिंतीमागे खडीचा थर आणि पायथ्याजवळ दर ४-५ फुटांवर दोन-तीन इंच व्यासाची भोके या तिन्ही गोष्टी हव्यात. खडी न टाकता नुसती भोके ठेवली तर ती दोन-तीन वर्षांत मातीने बुजतात.

दगड कोणता, या प्रश्नाला मी दगडाच्या नावापेक्षा आकारावरून उत्तर देतो. दोन समोरासमोरच्या बाजू साधारण सपाट असलेला, रुंदीपेक्षा लांबी जास्त असलेला आणि कडा कोनदार असलेला दगड कोणत्याही जातीचा असला तरी रचायला चांगला. काळा दगड आणि ग्रॅनाइट जड व टिकाऊ असतात, पण त्यांना घडवणे कष्टाचे असते. वालुकाश्म थरांत सुटतो, म्हणून रचायला सोपा जातो. मात्र खाणीत तो ज्या अंगावर होता त्याच अंगावर, म्हणजे थर आडवे राहतील असा बसवावा, अन्यथा काही वर्षांनी दर्शनी बाजूचे पापुद्रे सुटू लागतात. दगड हातोडीने ठोकून पाहावा: खणखणीत आवाज आला तर अंग एकसंध आहे, बद्द आवाज आला तर आत भेग आहे किंवा दगड सडलेला आहे. सगळे दगड एकाच जागेचे घेतले तर रंगही जमतो आणि बसण्याची पद्धतही सारखी राहते. वजनाचा अंदाज असू द्यावा. भरीव दगडाचा एक घनफूट सुमारे ७५ किलो भरतो, त्यामुळे एकट्याने हाताळायचे दगड त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठे नसावेत. रचलेल्या भिंतीतल्या पोकळ्या धरूनही आपल्या दोन भिंतींना मिळून १० टनांच्या आसपास दगड लागेल. मागणी देताना त्यावर एक-दशांश जास्त धरावा आणि लहान तुकडे नाकारू नयेत, ते पोटात भरायला लागतातच.

पायासाठी वरची काळी, मुळांची, भुसभुशीत माती पूर्ण काढून घट्ट जमीन लागेपर्यंत खणावे. २ फुटांच्या भिंतीला बहुधा १० ते १२ इंच पुरतात. त्यात ४-५ इंच खडी घालून धुम्मसने, म्हणजे जमीन ठोकण्याच्या जड दांड्याने, ठोकावी आणि उरलेल्या खोलीत पहिला थर बसवावा. चराचा तळ लांबीत सपाट (चिकणमातीत मात्र वर सांगितल्याप्रमाणे एका टोकाकडे उतरता), पण रुंदीत किंचित उताराकडे, म्हणजे भिंतीच्या पाठीकडे झुकलेला असावा. सर्वांत मोठे दगड इथेच वापरावेत. ते पुढे जमिनीखाली दिसेनासे होणार म्हणून हळहळ वाटते, पण त्यांची जागा तीच आहे.

आता प्रत्यक्ष रचना. भिंतीच्या दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्यांच्या चौकटी उभ्या कराव्यात, त्यांची पुढची बाजू दर फूट उंचीला २ इंच आत झुकलेली ठेवावी आणि दोन्हींमध्ये दोरी ताणून ती थरागणिक वर सरकवावी. या झुकावामुळे भिंत आपले वजन मागच्या मातीवर टाकून उभी राहते. नवख्या माणसाचा डोळा भिंत सरळ ओळंब्यात आणू पाहतो. म्हणून डोळ्यावर न जाता दोरीवर जावे.

दगड बसवताना त्याची लांबी भिंतीच्या आत जाईल असा ठेवावा. लांब देखणी बाजू दर्शनी लावायचा मोह होतो, आणि लांबी मोजल्यास काम भरभर झालेले दिसते. पण तो दगड मग भिंतीला चिकटवलेल्या फरशीसारखा राहतो आणि रेटा आला की पहिला सुटतो. दगड ठेवल्यावर दोन्ही हातांचे तळवे त्याच्या दोन टोकांवर ठेवून आळीपाळीने दाबा. डुलत असेल तर कोणता कोपरा उचलतो ते बोटांना कळते. त्या कोपऱ्याखाली मागच्या बाजूने पाचरीसारखी कपची सारा आणि हातोडीने हलकेच ठोका, डुलणे थांबेपर्यंत. कपची कधीही पुढून ठोकू नये. पुढून घातलेली कपची त्या दिवशी घट्ट वाटते, परंतु ऊन-पावसाने दगड हलके हलके हलतो, कपची बाहेर निसटते आणि वरचे तीन दगड त्याच्याबरोबर बसतात. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलांना मी पहिले दोन दिवस एवढेच करायला लावतो: दगड ठेवणे, दाबणे, मागून कपची देणे.

दुसरा नियम सांध्यांचा. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर टेकला पाहिजे आणि प्रत्येक उभा सांधा वरच्या दगडाने झाकला गेला पाहिजे. दोन थरांत सांध्यावर सांधा आला तर फारसे बिघडत नाही. तीन-चार थरांत तो तसाच वर चढला की भिंतीत तयार भेगच ठेवल्यासारखे होते. दर्शनी दगडांच्या मागे उरलेली पोकळी लहान दगडांनी हाताने रचून भरावी. फावड्याने माती किंवा बारीक कच ओतू नये, कारण ती पाण्याबरोबर खाली उतरते आणि आत पोकळी राहते. भिंतीच्या पूर्ण रुंदीतून आरपार जाणारा एक दगड साधारण दर ३-४ फुटांवर, मध्यम उंचीच्या थरात घालावा. दगडाचा एखादा कोपरा तोडावा लागला तर छिन्नी-हातोडीने काम भागते आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा पुरतो. यंत्राने कापायचा असेल तर पाणी सोडत कापावा आणि योग्य मास्क लावावा. दगडाची कोरडी धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते.

भिंतीमागचा भराव प्रत्येक थराबरोबरच वर न्यायचा असतो. भिंतीला लागून १ फूट रुंदीत २० ते ४० मिलिमीटरची स्वच्छ खडी, तिच्यामागे माती अडवणारे जिओटेक्स्टाइल कापड, आणि त्यामागे सहा-सहा इंचांच्या थरांत ठोकलेली माती, असा क्रम ठेवावा. खड्ड्याच्या चाचणीत चिकणमाती निघाली असेल तर खडीच्या तळाशी छिद्रांची नळी, दर १०० फुटांना १ फूट उताराने, भिंतीच्या एका टोकाबाहेर काढावी. खडीचा थर माथ्यापर्यंत उघडा ठेवू नये. शेवटचे ६ इंच कापड दुमडून घेऊन वर माती घालावी, नाहीतर वरून वाहणारे सगळे पाणी आपण स्वतःच भिंतीमागे बोलावतो. वरच्या भिंतीच्याही वर, उताराला आडवा असा उथळ चर काढून पावसाचे पाणी बाजूला वळवले तर निम्मे काम तिथेच होते. छपराच्या पन्हाळीचे पाणी त्या बाजूला पडत असेल तर ते आधी हलवा.

इथवरचे तीन निर्णय असे: उंची दोन टप्प्यांत वाटावी, रचना कोरडी ठेवावी, आणि खडी, कापड व चर यांवर दगडाइतकाच वेळ द्यावा.

पायऱ्यांची जागा भिंत सुरू करण्याआधीच ठरवावी, कारण त्या भिंतीत गुंतवून रचायच्या असतात. नंतर जोडलेल्या पायऱ्या वेगळ्या खचतात. सतराव्या शतकात फ्रान्स्वा ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुविशारदाने माणसाच्या पावलावरून एक मोजमाप घालून दिले, ते आजही चालते: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची खोली मिळून साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर व्हावे. ६ इंच उंची आणि १३ इंच खोली धरली तर २५ इंच, म्हणजे ६३.५ सेंटिमीटर होतात. आपल्या २ फुटांच्या प्रत्येक भिंतीला अशा चार उंच्या येतात आणि मधला टप्पा आपोआप थांबण्याची जागा होतो. सगळ्या उंच्या सारख्या असाव्यात. एका पायरीत पाऊण इंचाचा फरक पडला तरी माणूस तिथेच अडखळतो. वरच्या पायरीचा दगड खालच्या दगडावर किमान २ इंच चढलेला असावा आणि पृष्ठभाग पुढच्या बाजूला दर फुटाला पाव इंच उतरता असावा, म्हणजे पाणी साचून शेवाळ धरणार नाही. पॉलिश केलेला दगड इथे मुळीच वापरू नये.

वेळेचा अंदाजही देऊन ठेवतो. दगड जागेवर आणून आकारमानाप्रमाणे पसरून ठेवण्यातच पहिले एक-दोन दिवस जातात आणि ते वाया गेले असे समजू नये. हवा तो दगड चटकन दिसला की पुढचे काम निम्म्या वेळात होते. त्यानंतर आपल्यासारख्या नवख्याने खालच्या भिंतीची दिवसाला तीन-चार फूट लांबी भरावासह पुरी केली तर वेग चांगला म्हणावा. खालची भिंत आधी पूर्ण करा, तिच्यावरून एक-दोन जोरदार पाऊस जाऊ द्या आणि वरच्या भिंतीचा दगड त्यानंतरच मागवा. पाऊस पडत असतानाच पायथ्याशी जाऊन उभे राहा. सांध्यांतून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर कापड आणि खडी आपले काम करीत आहेत. पाणी गढूळ येत असेल तर कापड कुठेतरी फाटले आहे किंवा दुमडलेले राहिले आहे. तो भाग तेव्हाच उकलून दुरुस्त करावा, २ फुटांच्या गडग्यात हे एका दिवसाचे काम आहे. आपल्या खड्ड्यातले पाणी किती वेळात जिरले आणि उताराच्या माथ्यावर काय आहे हे कळवलेत, तर नळी लागेल की नाही आणि ती कोणत्या टोकाला काढावी हे मी अधिक नेमके सांगू शकेन.